काशीचा उरलेला डोळा

हफीजाच्या घरात माशाचं डोकं शिजत नाही. भाट्याच्या पुलापलीकडे, खाडीकाठच्या त्या वाडीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. कारण मात्र कोणालाच ठाऊक नाही. किनाऱ्यावरचं घर, नवरा जन्मभर बोटीवरचा आचारी, आणि मुंडकं कावळ्यांना! सुलेमान होता तोवर कुरकुरायचा, "सुरमईचं डोकं फेकणारी बाई अख्ख्या रत्नागिरीत एक, ती माझ्याच नशिबी." हफीजा ऐकून घ्यायची. कालवण उकळायला लागलं की माशाचा डोळा पांढरा होतो आणि फुगून बाहेर येतो. तो तिला बघवत नाही. त्या टोपात तिला काशी दिसते.

काशी म्हणजे शेजारीण. मध्ये कमरेएवढा जांभ्या दगडाचा गडगा, पलीकडे काशीचं घर. दोघी आज सासष्टच्या. एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आल्या, हफीजा राजापूर तालुक्यातल्या नाट्याहून, काशी वरच्या गावातनं. सणाच्या वाट्या गडग्यावरून जात-येत होत्या हे सांगायलाही नको, ते सगळीकडेच होतं. यांचं नातं त्याहून घट्ट होतं. दर आठवड्याला कोंबड्यांवरून कडाकडा भांडायच्या आणि ओहोटी लागली की एकाच पाटीत शिंपल्या काढायला जायच्या.

काशीच्या उजव्या डोळ्यात फूल पडलंय. सगळं बुबुळ पांढरंफेक. आज त्याला सत्तावीस वर्षं झाली. फूल कसं पडलं, हे वाडीला विचाराल तर वाडी सांगेल: भात झोडताना कुसळ गेलं, आणि मग शहरातल्या एका डॉक्टरनं डोळा बिघडवला. खरं काय झालं ते जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला सुलेमान चार वर्षांपूर्वी कबरस्तानात गेला. उरली हफीजा.

ते असं झालं. सुलेमान तेव्हा दुबईला, जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर होता, दीड-दीड वर्षानं घरी यायचा. एका खेपेला पेटीत साबण, अत्तर, टॉर्च यांच्याबरोबर डोळ्यांच्या औषधाच्या दोन बाटल्या आल्या. बोटीवर कोणाचे डोळे आले की ते घालायचे, म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी लाली गायब. वाडीतल्या एका पोरीला घातलं, खरंच लाली गेली. झालं! बायका हफीजाच्या पडवीत येऊन तोंड वर करून बसायला लागल्या. औषधाचं नाव पडलं दुबईचं पाणी.

बाटलीतून थेंब टाकला तर अर्धा गालावरून वाहून जायचा. परदेशी औषध असं वाया घालवायचं? हफीजानं युक्ती काढली. सुरमादाणीतली सळई घ्यायची, तिच्यावर एक थेंब घ्यायचा आणि सुरमा ओढावा तसा डोळ्यातून ओढायचा. मग सळई ओढणीच्या टोकाला पुसायची आणि पुढचीचा डोळा. एका थेंबात तिघी-चौघी व्हायच्या. एकीचे डोळे आले की आठवड्याभरात सात जणींचे यायचे, तेव्हा बायका म्हणायच्या, साथ आहे. साथ सळईवरून चालत जातेय हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि हफीजाला ते सगळं आवडायचं. खोटं कशाला बोला? सातवी शिकलेली सून, जिला घरात मीठ किती घालायचं तेही सासू सांगायची, तिच्या समोर अख्खी वाडी मान वर करून बसत होती. "हिच्या हाताला गुण हाय," असं सगळ्यांत आधी म्हणाली काशी.

त्या वर्षी भात झोडताना काशीच्या डोळ्यात कुसळ गेलं. डोळा लालबुंद. हफीजानं सकाळ-संध्याकाळ सळई ओढली. दुसऱ्या दिवशी लाली उतरली, ठणका थांबला. पाचव्या दिवशी बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला. "खपली धरत्येय," हफीजा म्हणाली, आणि आणखी तीन दिवस घातलं. नवव्या दिवशी काशीला त्या डोळ्यानं स्वतःचा हात दिसेना.

शहरातल्या डॉक्टरकडे हफीजाच तिला घेऊन गेली. त्यानं विचारलं, "आधी काय घातलंत?" काशीनं हफीजाकडे पाहिलं, सांगेल ही म्हणून. हफीजा म्हणाली, "गुलाबपाणी." काशीला वाटलं, परदेशी औषध बाळगणं गुन्हा असेल, म्हणून ही लपवत्येय. ती गप्प बसली. डॉक्टर साधा माणूस. त्यानं हफीजाला बाहेर बोलावून सांगितलं, "बाई, कुसळाचा डोळा आठ दिवस असा शांत राहत नाही. लाली दाबणारं काहीतरी यात पडलंय. वरून डोळा बरा दिसत होता आणि आत जखम सडत होती. काय घातलं ते कळलं तर मला उपचार ठरवायला बरं."

"ठाऊक नाय," हफीजा म्हणाली.

ती दुष्ट नव्हती. घाबरली होती, बस्स. काशीचा नवरा महिपत ट्रॉलरवरचा खलाशी, डोक्यानं गरम. सुलेमान रजेवर घरीच होता, तो म्हणाला, "आता बोलून तिचा डोळा परत येणार हाय काय? महिपत कोयता घेऊन येईल, तेवढा येईल." बाटल्या खाडीत गेल्या. सळई तिनं माडाच्या मुळाशी पुरली. डॉक्टरनं त्याची औषधं दिली, दाबलेला ठणका पुन्हा उठला, आणि काशी ओरडायला लागली, "मेल्यानं काय घातलान गो! हफीजाच्या औषधानं थांबलं व्हतं!" डोळा गेला तो डॉक्टरच्या नावावर गेला.

पुरलेली सळई काही पुरलेली राहिली नाही. कालवणात मीठ घालायला हफीजानं चिमूट धरली की बोटांत सळई यायची. थंड, गुळगुळीत, ओली. ती मीठ टाकून देऊन हात धुवायची. कार्तिकात वाडीत भात झोडायला लागले की पेंढ्या आपटल्याचा आवाज तिला आपल्याच पाठीवर पडल्यासारखा वाटायचा. ती भर दुपारी खिडक्या लावून बसायची. काशी अंगणात बसायची ती उजवी बाजू गडग्याकडे करून. त्या डोळ्याला काही दिसत नाही हे हफीजाला पक्कं ठाऊक होतं. तरी अंगणातून जाताना ती डोक्यावरची ओढणी पुढे ओढायची.

काशीचं मात्र व्हायचं ते झालं. भरलेला हंडा गडग्यावर ठेवायची तो वीतभर अलीकडे, आणि तो खाली. काजूच्या कारखान्यातनं काढलं, कारण एका डोळ्यानं अख्खा गर आणि फुटका गर झटपट वेगळा निवडता येईना. महिपत आठ वर्षांपूर्वी वारला. मुलगा हर्षद मुंबईला. काशी एका डोळ्यावर भाजी लावते, पाणी शेंदते, जगते.

यंदाच्या कार्तिकात एका सकाळी ती गडग्याला हात लावत लावत, चाचपडत हफीजाच्या पडवीत आली. डाव्या डोळ्यावर पदराचा बोळा.

"हफीजा, हायस काय गो? डोळा आलाय."

बोळा काढला. पापण्या पिवळ्या घाणीनं चिकटलेल्या, आत लाल भडक. एकीकडे पांढरा, एकीकडे लाल. हफीजाच्या हातातला कप कलंडला.

"कधीपासून?"

"परवा पेंढा रचला. काल चुरचुरत व्हता. आज सकाळी उघडेचना, पानी लावून सोडवला." काशीनं कमरेची पिशवी उघडली. "ह्या बघ. हर्षदचा उरलेला औषध हाय, गेल्या दिवाळीचा. तेव्हा एका दिवसात डोळा साफ झाला त्याचा. तू घाल. माझा हात बसत नाय, दिसतच नाय तर." आणि पिशवीतनं तिनं आणखी एक वस्तू काढून हफीजाच्या हातावर ठेवली. पितळेची नवी सळई. "बाजारात मिळाली. तुझी तर हरवली ना?"

हफीजाची नात मनाल आतून आली. मुलगा नबील आणि सून कुवेतला, पोरगी दादीकडे राहून फार्मसी शिकते. तिनं बाटली उचलून नाकाशी धरून वाचली.

"काशी आजी, हे नाही घालायचं. उघडून वर्ष झालं. असलं औषध उघडल्यावर महिन्याभरात फेकायचं असतं. आणि यात अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड आहे."

"म्हंजे काय ता?"

"लाली दाबतं. वरून डोळा बरा दिसतो. पण डोळ्यात जखम असली तर आतल्या आत वाढते. डॉक्टरनं तपासल्याशिवाय ते घालूच नये. डोळासुद्धा जातो, आजी."

पोरगी पुस्तकातलं बोलली आणि दप्तर उचलायला आत गेली. हफीजा खांबाला धरून उभी. त्या डॉक्टरचं वाक्य सत्तावीस वर्षांनी तिच्याच घरातल्या तोंडातून आलं होतं.

"चल, शहरात जाऊ. डोळ्यांच्या दवाखान्यात," ती म्हणाली.

"मी? डॉक्टरकडे?" काशी हसली. "एक डोळा त्यांनी खाल्ला. आता दुसरा मी पानावर वाढू? येडी काय तू? तुझ्या हाताला गुण हाय. घाल गपचूप."

"नाय घालणार."

"का? माजलीस काय म्हातारपणी?"

"काशे, ऐक. हट्ट करू नको."

"जीव गेला तरी जाणार नाय. तू नाय घातलंस तर मी आपली चाचपडत घालीन." आणि तिनं खरंच बाटलीचं टोपण फिरवलं, मान मागे टाकली.

हफीजानं तिचं मनगट धरलं.

"तुझा डोळा डॉक्टरनं नाय घालवला. मी घालवला."

काशीची मान तशीच मागे.

"दुबईच्या पाण्यानं. मनाल आता बोलली ना, तसलंच व्हतं ता. डॉक्टरनं मला बाहेर बोलावून विचारलं. मी खोटं बोलले. गुलाबपाणी सांगितलं. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं तरी खोटं बोलले."

बाहेर कोणाच्यातरी खळ्यात पेंढ्या आपटत होत्या. एक, दोन, तीन. काशीनं मान सरळ केली. बाटलीचं टोपण लावलं, नीट, घट्ट. सळई उचलून परत पिशवीत टाकली. हफीजा तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या तोंडावर वाचता येईल असं काहीच नव्हतं.

"रिक्षा बोलव," काशी म्हणाली.

रिक्षात दोघींच्या मध्ये मनाल बसली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं.

दवाखान्यातली मृणाली डॉक्टर तिशीची, बोलायला चटपटीत. तिनं डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिलं. मग विचारलं, "आधी काही घातलंय का डोळ्यात?"

तोच प्रश्न. "घालणार व्हतो. घातलं नाय," हफीजा म्हणाली, आणि हर्षदची बाटली टेबलावर ठेवली.

"शाबास. हे घातलं असतं तर पंचाईत होती. बुबुळावर खरचटलंय आणि वरून जंतूंची लागण आहे. अजून जखम खोल नाही." डॉक्टरनं उजवा डोळाही पाहिला. "हा कशानं गेला?"

काशी म्हणाली, "हिला विचारा."

हफीजानं दुसऱ्यांदा सांगितलं. सळईसकट, ओढणीच्या टोकासकट. डॉक्टर लिहायची थांबली. मग नवी बाटली हातात देऊन एकेक गोष्ट सांगितली, आणि हफीजाकडून वदवून घेतली. आधी साबणानं हात धुवायचे. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून घाण पुसायची, दर खेपेला नवा कापूस. खालची पापणी ओढून एकच थेंब. बाटलीचं तोंड डोळ्याला, पापणीला, बोटाला कशालाही लागता कामा नये. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायचा. दोन दिवस जागेपणी दर दोन तासांनी, पुढे दिवसातून चारदा, सगळे मिळून सात दिवस. टॉवेल, उशी वेगळी. ही बाटली यांचीच, दुसऱ्या कोणाची नाही.

"बरं वाटलं तरी मधे थांबायचं नाही. आणि दुखणं वाढलं, उजेड सोसेना, दिसायला कमी आलं, तर त्याच दिवशी इथं यायचं. एकच डोळा आहे, आजी. थेंब कोण घालणार?"

काशीला स्वतःला दिसत नव्हतं. हर्षदला आठवडाभर रजा मिळणार नव्हती, मनालची परीक्षा.

"हीच घालील," काशी म्हणाली. "दुसरं कोण हाय?"

पहिल्या दिवशी हफीजानं बाटली दोनदा उचलली आणि दोनदा खाली ठेवली. काशी चटईवर उताणी. लाल डोळा उघडा, आणि शेजारचा पांढराही उघडा. इतक्या जवळून तो तिनं सत्तावीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यात बारीक लाल शिरा होत्या, झाडाच्या मुळांसारख्या. जिवंत होता तो. नुसता दिसत नव्हता त्याला.

"हात धुतलेस?"

"धुतले."

"सत्तावीस वर्षांत तेवढं शिकलीस."

थेंब पडला. हफीजानं नाकाजवळ बोट दाबून धरलं.

"दोन घाल. लवकर गुण येईल."

"एकच. दुसरा गालावर जातो."

"तेव्हा तर लय काटकसर करायचीस," काशी म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

दर दोन तासांनी हे. आठ, दहा, बारा, दोन. हफीजा गडगा ओलांडून यायची, हात धुवायची, घालायची, जायची. मधल्या वेळात ती घरात बसून घड्याळ बघायची आणि तिला वाटायचं, आत्ता, ह्या घटकेला, डोळ्यात कणी धरत असेल. तांदळाएवढी. ती तारीख वार मोजायची: तेव्हा दुसऱ्या दिवशी लाली उतरली होती. यंदाही दुसऱ्या दिवशी लाली उतरली, आणि आनंद व्हायच्या जागी तिच्या अंगाला दरदरून घाम आला. तिनं काशीचं तोंड उजेडाकडे फिरवून बुबुळ निरखलं. इकडून, तिकडून.

"काय बघतंस?"

"काय नाय."

"खोटं बोलू नको. आता तरी."

"ठिपका बघत्येय."

"हाय?"

"नाय."

तिसऱ्या दिवशी बाटलीचं तोंड काशीच्या पापणीच्या केसांना लागलं. निमिषभरच. हफीजानं बाटली सरळ कचऱ्यात टाकली आणि मनालला नवी आणायला पाठवलं.

"भरलेली व्हती ती!" काशी ओरडली. "एवढासा केस लागला तर काय आभाळ कोसळला?"

"लागला ना. लागला म्हंजे गेली."

"माझ्या डोळ्याचीच घाण, माझ्याच डोळ्यात—"

"नाय म्हटलं ना!" हफीजा इतक्या जोरात ओरडली की परड्यातल्या कोंबड्या उडाल्या. मग ती तिथंच खाली बसली आणि ओढणी तोंडात कोंबून रडली. काशीनं तिला थोपटलं नाही. बसून राहिली, नव्या बाटलीची वाट बघत.

पाचव्या दिवशी डोळा स्वच्छ. काशी म्हणाली, पुरे झालं, उरलेलं ठेवून देऊ. हफीजानं पापणी ओढली आणि थेंब टाकला. सातव्या दिवशी मृणाली डॉक्टरनं पुन्हा निळ्या उजेडात पाहिलं. खरचटलेलं भरून आलं होतं. नजर होती तितकी होती. उरलेलं औषध तिनं स्वतःच टाकून दिलं.

निघताना हफीजा डॉक्टरपाशी रेंगाळली. "तेव्हा मी खरं सांगितलं असतं, तर?"

"आज नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाली. "कदाचित वाचला असता. कदाचित नाही."

दाराशी उभ्या असलेल्या काशीनं ते ऐकलं. परतीच्या रिक्षात या खेपेला मध्ये मनाल नव्हती. पूल आला. खाडीला भरती होती.

"तो डॉक्टर मेला तेव्हा मी पेढे वाटले," काशी म्हणाली. "तुझ्याही हातावर ठेवला एक. तू खाल्लास."

हफीजानं मान हलवली.

"माझ्यासमोर खाल्लास. गोड हाय म्हणालीस."

"व्हय."

"त्या माणसाला मी रोज शिव्या घातल्या. चूल पेटवताना, पानी शेंदताना. त्याची बायको बाजारात दिसली तर तिच्या तोंडावर घातल्या. बिचारी खाली मान घालून जायची." काशी बाहेर पाण्याकडे बघत होती. "त्या सगळ्याचं आता काय करू?"

"मला घाल."

घराशी उतरल्यावर काशी पायरी चढली, दाराच्या कडीवर हात ठेवून थांबली.

"उद्या आठला येशील?"

"थेंब संपले, काशी."

"थेंबांचं कोण विचारतंय? येशील काय?"

हफीजा आठला गेली. काशीनं चहा ठेवला, दोन कप भरले, समोर बसली. हफीजा मान खाली घालून थांबली. काशी काही बोलली नाही. चहा निवला. नऊला हफीजा उठून घरी आली.

दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्याही. आता पौष लागला. रोज आठला ती जाते, हात धुते, कशाला ते तिलाही सांगता येणार नाही, आणि काशीच्या समोर बसते. काशीला शब्दांची वाण कधीच नव्हती. पण अजून एकही शिवी आलेली नाही. हफीजा वाट बघत बसते.